एसी चालू आहे, कृपया दार बंद ठेवा

आपल्या दवाखान्यात, क्लासमध्ये किंवा हॉलमध्ये आलेला एकही जंतू वाया जाऊ नये असं वाटत असेल, तर पुढचे उपाय करून बघा. नाशकात गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत सगळीकडे सिद्ध झालेले आहेत.

आधी खिडक्यांचा बंदोबस्त करा. आर्किटेक्टने चुकून ठेवलीच असेल तर पार्टिशन घाला, वर दोन स्पॉटलाइट. उघडणारी काच उरलीच तर सिलिकॉन भरून घ्या. नाशिकची हवा चांगली म्हणतात, ती बाहेर. पूर्वी माणसं देवळालीला हवापालटाला यायची, त्यांना स्प्लिट एसी परवडत नसणार.

एक्झॉस्ट फॅन जरूर बसवा. फक्त चालू करू नका, आवाज येतो.

कोंदट वास आला तर मोगऱ्याचा स्प्रे.

एसी 18 वर. 2020 पासून नवे एसी मुळात 24 वर सेट होऊन येतात, पण रिमोट आपल्याच हातात आहे ना! बाहेर श्रावणसरींचा गारवा असला म्हणून काय झालं, गिऱ्हाइकाला शाल घेऊन बसू दे.

आता वेटिंग रूम. याचा अस्सल नमुना मी परवाच बघितला. गेलो होतो गुडघा दाखवायला, आणलाय खोकला. चार डॉक्टरांत मिळून एकच खोली, खुर्च्या भिंतीला खेटून, आणि एसी बरोबर खोकणाऱ्या एका आजोबांच्या डोक्यावर. त्याची पट्टी डावी-उजवी हलत होती, म्हणजे कोणी वंचित राहायला नको. मी स्लायडिंग चार बोटं सरकवली, तर काउंटरवरून लगेच, "ओ काका, खिडकी लावा, एसी चालूय!" म्हटलं, ताई, जरा हवा येऊ द्या. तर म्हणे, "एसीची येतेय की!"

एसीची हवा! अहो, स्प्लिट एसी बाहेरून चिमूटभर हवा आणत नाही. खोलीतलीच ओढतो, गार करतो, परत तुमच्याच तोंडावर सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या नळीतून गॅस फिरतो, हवा नाही. आतली जाळी धूळ अडवते, विषाणू नाही. जानेवारी 2020 मध्ये चीनच्या ग्वांगझूत एका बिनखिडकीच्या हॉटेलात शेजारशेजारच्या 3 टेबलांवरची 10 माणसं कोरोनाबाधित निघाली. एक्झॉस्ट बंद, एसी चालू, तीच हवा तिन्ही टेबलांवरून फिरत होती. आणि आपण त्या वर्षी काय केलं? दुधाच्या पिशव्या धुतल्या. त्या काउंटरवर सॅनिटायझरची बाटली अजून आहे. रिकामी.

क्लासवाल्यांनी कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र चुकूनही घेऊ नये. बाहेर ते हवेच्या दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास दाखवतं. बंद, भरलेल्या वर्गात दीड-दोन हजार सहज. उगाच कळायचं की पोरं एकमेकांनी सोडलेला श्वास घेताहेत. जांभया देतात? पालकांना सांगा, मोबाइल कमी करा.

बास झालं. गोवराचं पोर खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि तुमच्या त्याच खोलीत नऊ महिन्यांच्या आतली, गोवराची लस अजून न मिळालेली बाळं बसलेली असतात. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास पाव हिस्सा आपल्या देशात. तुम्ही भिंतीवर टीबीमुक्तीचं पोस्टर लावता आणि त्याच्या शेजारची खिडकी सीलबंद करता? डॉक्टर ना तुम्ही? सरकारी दवाखान्याची उंच छताची, समोरासमोर खिडक्या असलेली जुनी ओपीडी तुमच्यापेक्षा शहाणी. दवाखाना सोडा, साध्या क्लास-ऑफिसातही माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्येच लिहून ठेवलंय.

एसी बंद करा असं कोणी म्हणत नाहीये. 26 वर ठेवा, पंखा लावा, समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, एक्झॉस्टचं बटण दाबा. डास येतात? जाळी बसवा. बिल वाढेल? मग आमच्याकडून तपासणीचे पैसे घेता ते कशाचे?