सगळं ऑनलाइन झालं, पण चेकलिस्ट कोण वाचतंय?

आज दुपारी तासगावच्या एका बेदाणा निर्यातदाराचा फोन आला. वीस फुटी कंटेनर न्हावा शेव्याहून जाऊन महिने लोटले, तिकडे माल विकूनही झाला, आणि निर्यातीवर भरलेल्या आयजीएसटीचा, म्हणजे एकात्मिक जीएसटीचा, दीड लाखाचा परतावा अजून खात्यात नाही. कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर उत्तर एकच, एसबी००५ हा कोड. सीए म्हणतात सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटला, विचारा, सीएचए म्हणतो सीएला विचारा. आणि त्यांच्याच ओळखीचा कुणी सल्ला देतोय की कस्टम्स आता ऑनलाइन आहे, पैसे आपोआप येतील, थांबा. थांबून काही येत नसतं हो.

एसबी००५ म्हणजे बिलाचा क्रमांक जुळला नाही. शिपिंग बिलातला, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या अर्जातला, इन्व्हॉइस क्रमांक आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या ६ए या निर्यातीच्या तक्त्यातला क्रमांक, दोन्ही अक्षरन्‌अक्षर सारखे लागतात. तासगावात काय झालं? सीएचएकडे गेलं परदेशी ग्राहकासाठी बनवलेलं कमर्शियल इन्व्हॉइस. अकाउंटंटने भरलं जीएसटीचं टॅक्स इन्व्हॉइस. माल तोच, रक्कम तीच, क्रमांक दोन. कागदाच्या काळात टेबलावरच्या माणसाने दोन्ही शेजारी ठेवून पाहिली असती आणि पुढे गेला असता. यंत्रणा माल बघत नाही, रकाना बघते. मधली तिरकी रेघ गळाली किंवा पुढचं शून्य उडालं तरी तिच्या लेखी ते दुसरं बिल.

म्हणून पहिल्यापासून एकच क्रमांक ठेवा. जीएसटीत बिलाच्या क्रमांकाला सोळा अक्षरांपर्यंत मुभा आहे, आकडे, अक्षरं, आडवी रेघ, तिरकी रेघ सगळं चालतं. मग दोन मालिका कशाला पाळायच्या?

आता ज्याचा मला खरा राग आहे ते सांगतो. शिपिंग बिल आइसगेटवर चढवण्याआधी सीएचएच्या सॉफ्टवेअरमधून चेकलिस्ट निघते. आयईसी (निर्यातदाराचा क्रमांक), जीएसटीआयएन, एडी कोड (बँकेचा), एचएस कोड (मालाचा), इन्व्हॉइस क्रमांक आणि तारीख, एफओबी (जहाजावर चढेपर्यंतची किंमत), फ्रेट, करपात्र रक्कम, आयजीएसटी भरून की एलयूटीवर (कर न भरता हमीपत्रावर), सगळं त्यात असतं. तेच निर्यातदाराचं प्रतिज्ञापत्र, त्याच्या नावाने, त्याच्या जबाबदारीवर. आणि ती येते कशी? रात्री उशिरा, व्हॉट्सअ‍ॅपवर, 'सर कन्फर्म करा, कटऑफ आहे'. मोबाइलच्या पडद्यावर बारीक अक्षरातली इंग्रजी पीडीएफ. तासगावकरांनी 'ओके' लिहून पाठवलं. कोण नाही लिहिणार? ती वाचायची कशी हे त्यांना कुणी एकदाही शिकवलं नव्हतं.

बरं, सीएचएचीही बाजू आहे, मान्य. कटऑफच्या आत कंटेनर बंदरात शिरला नाही, गेट-इन चुकलं, तर जहाज जातं आणि शिव्या त्यालाच बसतात.

पण चूक दुरुस्त करायला किती जड जाते ते बघा. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर न्यायची कस्टम्सची परवानगी, मिळण्याआधी बदल बऱ्यापैकी सोपा. ती मिळून माल गेला की कस्टम्स कायद्याचं कलम १४९, अर्ज, शुल्क, आणि निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांचाच पुरावा. नंतर बनवलेला कागद चालत नाही. शिवाय आयजीएसटी भरून केलेल्या निर्यातीत नियम ९६ प्रमाणे शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज, वेगळा अर्ज नसतो. म्हणजे रात्रीचं ते 'ओके' दीड लाखाच्या अर्जावरची सही होती!

एसबी००५ निस्तरलं की संपलं असंही नाही. शिपिंग लाइनने ईजीएम, म्हणजे जहाजातून गेलेल्या मालाची यादी, भरलाच नाही तर एसबी००२. कर भरायच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्रात निर्यातीचा कर ३.१(बी) या निर्यातीच्या रकान्याऐवजी ३.१(ए) या इतर विक्रीच्या रकान्यात गेला, तर रक्कम ६एपेक्षा कमी दिसते आणि जीएसटीची यंत्रणा माहिती कस्टम्सकडे पाठवतच नाही. सगळं जुळून एसबी००० आलं, तरी बँक खातं पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या यंत्रणेत तपासून मंजूर नसेल तर पैसे तिथे अडतात. इतक्या ठिकाणी अडू शकतं, आणि पुढाऱ्यांच्या भाषणात सगळं 'एका क्लिकवर' असतं.

कागद परत आणा असं मी म्हणत नाहीये. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर कशी सरकायची ते ज्यांनी पाहिलंय ते असं म्हणणार नाहीत. २०१८ साली ई-संचित, म्हणजे कस्टम्सकडे कागद ऑनलाइन चढवायची सोय, आलं आणि मोठा त्रास खरोखर गेला. कागद स्कॅन करा, पीडीएफ डिजिटल सहीने चढवा, आयआरएन (चढवलेल्या कागदाचा क्रमांक) घ्या, तो शिपिंग बिलाला जोडा, झालं. पण मग आयआरएन असताना त्याच इन्व्हॉइसची शिक्क्यासह छापील प्रत अजूनही मागणारी मंडळी कोण आहेत? कशासाठी मागता? दोन्ही ओझी छोट्या माणसानेच वाहायची का?

सीएचएच्या ऑफिसात बसून डेटा भरणाऱ्या पोरांवर मात्र माझा राग नाही. एका पाठोपाठ एक बिलं, प्रत्येकाच्या इन्व्हॉइसची मांडणी वेगळी, आणि चूक झाली की पहिला दम त्यांनाच. निर्यातदाराने त्यांना टॅक्स इन्व्हॉइस आधीच, नीट टाइप केलेलं दिलं, तर त्यांचं कामही हलकं होईल.

तासगावकरांना मी सांगितलंय ते इथेही लिहितो, कारण असे अडकलेले आणखी असतील. आधी शिपिंग बिल आणि ६ए शेजारी ठेवा. जीएसटीआर-१ मध्ये क्रमांक टाइप करताना चुकला असेल, तर पुढच्या जीएसटीआर-१च्या ९ए तक्त्यात दुरुस्त करा. मुळातच दोन वेगळी इन्व्हॉइस असतील तर ९एच्या नादी लागू नका. कुठलं कमर्शियल इन्व्हॉइस म्हणजे कुठलं टॅक्स इन्व्हॉइस, याचा तुलनातक्ता, ज्याला कॉन्कॉर्डन्स टेबल म्हणतात, सही करून त्या बंदराच्या कस्टम्स कार्यालयात द्या. तिथला अधिकारी सिस्टिममध्ये जुळवून देतो. आणि पुढच्या कंटेनरची चेकलिस्ट कटऑफच्या रात्री नको, आदल्या दिवशी द्या असं सीएचएला आजच लिहून कळवा.