घट्ट बसलेलं उठतं कसं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की डीएनएची दुहेरी साखळी उलगडली की एसएसबी नावाची प्रथिनं सुट्या धाग्याला घट्ट बिलगतात, आणि नक्कल करणारं पॉलिमरेज आलं की वाट देतात. त्यावर तुम्ही कोथरूडहून खणखणीत लिहिलंत: "बंध इतका घट्ट असेल तर सुटायला वेळ लागणारच. सेकंदाला हजार अक्षरं ओढणाऱ्या यंत्रापुढून ही प्रथिनं हलतात कशी, आणि ऊर्जा कुणाची? लेखकाने काहीतरी एक ठरवावं."

घट्ट पकडही ठेवतो आणि पटकन सुटणंही, कारण दोन्ही खरं आहे.

तुमचं गणित एकच बंध धरून चाललंय. ई. कोलाय या जिवाणूच्या एसएसबीत चार सारखे घटक असतात. प्रत्येकातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या चपट्या कड्या डीएनएच्या बेसवर, म्हणजे त्याच्या अक्षरांवर, थरासारख्या बसतात आणि धन भाराचे भाग धाग्याच्या कण्यातल्या फॉस्फेटला धरतात. यातली एकेक पकड तशी बेताचीच, जोर एकत्रित पकडीचा. चारही एका क्षणी सुटायची वाट पाहायची म्हटली तर मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. प्रत्यक्षात एक घटक सुटतो, बाकीचे धरून असतात, मग तो परत बसतो. पण तेवढ्यात जवळ दुसरं मोकळं प्रथिन असेल तर रिकामी झालेली जागा तेच पकडतं. पीएमपीच्या गच्च भरलेल्या बसमध्ये पिशवी उचलायला जरा उठा, तेवढ्यात शेजारी उभा असलेला टेकतो. बस रिकामी असती तर तुम्ही स्वारगेटपासून कात्रजपर्यंत निवांत बसून राहिला असतात.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. आपल्या आणि यीस्टच्या पेशीत एसएसबीचं काम आरपीए नावाचं प्रथिन करतं. २०१४ साली यीस्टच्या आरपीएवर एकेक धागा न्याहाळत प्रयोग झाला. मोकळं प्रथिन धुऊन टाकलं तर धाग्यावरचं आरपीए बराच वेळ ढिम्म हलत नाही. वेगळ्या रंगाने चमकणारं मोकळं आरपीए सोडलं, की जुनं भराभर बदललं जातं. म्हणजे सुटण्याचा वेग हा एक ठरलेला आकडा नाही, आजूबाजूला उमेदवार किती आहेत त्यावर तो ठरतो. भौतिक रसायनाच्या पुस्तकात आपण हा भाग फारसा शिकवत नाही, ही माझी जुनी तक्रार.

ऊर्जेचं उत्तर सोपं आहे. एसएसबी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, खर्च करत नाही. पॉलिमरेज प्रत्येक अक्षर जोडताना त्या अक्षराला जोडलेली तीन फॉस्फेटची शेपटी (ट्रायफॉस्फेट) तुटते, जोर तिथून येतो.

तुमचा दुसरा मुद्दा जास्त आवडला: "दुरुस्तीत हीच प्रथिनं अडथळा करतात, ते लेखात नाही." करतात, आणि ते यायला हवं होतं हेही खरं, फक्त ती अर्धीच गोष्ट आहे. एसएसबीने झाकलेल्या धाग्यावर रेकए या दुरुस्ती-प्रथिनाला आपली माळ बांधायला सुरुवातच करता येत नाही, रेकओ आणि रेकआर ही आणखी दोन प्रथिनं मदतीला लागतात. पण उघड्या धाग्याला स्वतःवरच दुमडून गाठी मारायची खोड असते आणि त्या गाठींपाशी रेकए अडतं. २००९ साली टेकजिप हा (Taekjip Ha) आणि टिमथी लोमन या शास्त्रज्ञांच्या गटांनी दाखवलं की एसएसबी न सुटता धाग्यावर पुढेमागे सरकतं, लहान गाठी उलगडतं आणि रेकएची वाढ सोपी करतं. माणसात आरपीएला हटवून रॅड५१ (रेकएचा आपल्या पेशीतला भाऊबंद) बसवण्याचं काम बीआरसीए-२ हे प्रथिन करतं. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगामुळे ज्याचं नाव घरोघरी पोचलं, तेच हे.

तरी पटलं नसेल तर आमच्या कॉलेजात या, चमक मोजणारं फ्लुरोमीटर आहे. एसएसबीवर २९५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ट्रिप्टोफॅन ३५० च्या आसपास चमकतात. थेंबाथेंबाने एकेरी डीएनए घालत गेलं की ती चमक विझत जाते, म्हणजे कड्या बेसवर बसत चालल्या. सोबत मीठही बदलून बघू. कमी मिठात एक एसएसबी सुमारे ३५ अक्षरं व्यापतं, मीठ ०.२ मोलरच्या वर गेलं की ६५, कारण दोनाऐवजी चारही घटक धाग्याला लागतात.