चांदीपुराची लस आधी? मग चाचणी कोणत्या तालुक्यात घ्यायची?

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज हटकून फिरायला लागतो. सारांश असा: मुलांना मेंदूज्वर देणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये आपल्या नागपूरजवळ सापडला, साठ वर्षं झाली तरी लस नाही, कोरोनाची मात्र वर्षभरात आली. शास्त्रज्ञ नुसते माश्या मारत बसलेत. बाकीचं संशोधन बंद करून आधी लस काढा, आणि तोवर गावोगाव डासांसाठी धूर मारा. गरिबांची मुलं मरतात म्हणून कुणाला पडलेली नाही, हा शेवट ठरलेला.

पहिली गोष्ट, साठ वर्षांची. चांदीपुरा गावातल्या ज्या दोन रुग्णांच्या रक्तात हा विषाणू मिळाला ती मोठी माणसं होती, साध्या तापाची. हा विषाणू लहान मुलांच्या मेंदूवर उठतो हे खऱ्या अर्थाने लक्षात आलं ते २००३ मध्ये. त्या वर्षी आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. त्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) मारलेल्या विषाणूची लस बनवून उंदरांवर तपासली, २०११ मध्ये त्याचा शोधनिबंधही आला. म्हणजे लसीचा विचार कुणी केलाच नाही, असं मुळीच नाही. गाडी अडली ती पुढे.

का अडली, ते कोरोनाच्याच उदाहरणावरून कळतं. फायझरच्या चाचणीत चाळीस हजारांवर माणसं होती. त्यातल्या १७० जणांना कोरोना झाला, आणि त्यात लस घेतलेले किती, न घेतलेले किती यावरून निकाल लागला. रोग घरोघरी होता म्हणून एवढे रुग्ण झटपट मिळाले. आता २०२४ ची, मुख्यतः गुजरातेतली आणि थोडी शेजारच्या राज्यांतली, साथ घ्या. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मेंदूज्वराची २४५ मुलं, ८२ मृत्यू. त्यात चांदीपुरा पक्का ठरला ६४ जणांत, तेही कितीतरी जिल्ह्यांत विखुरलेले. एका गावात एखादं मूल, मग चाळीस किलोमीटरवर दुसरं. पुढच्या वर्षी साथ भलतीकडेच. लस टोचायची ती कोणत्या तालुक्यातल्या मुलांना? हा प्रश्न सुटल्याशिवाय लस तयार असली तरी ती कुपीतच राहणार.

याच आकड्यांत एक गोष्ट दडलीय, तिच्याकडे मेसेजवाल्यांचं लक्ष जात नाही. २४५ वजा ६४. उरलेल्या १८१ मुलांना काय झालं होतं? माझ्या मते संशोधनात पहिला नंबर या प्रश्नाचा. संध्याकाळी अंगणात खेळणारं मूल रात्री तापतं, उलट्या, झटके, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत खेळ संपतो. हे तास जातात कुठे? प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, तिथून मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात, तेवढे दिवस मुलाला मिळतच नाहीत. म्हणजे प्रतिपिंडं शोधून निदान होत नाही, रक्तात विषाणूच शोधावा लागतो. म्हणून पहिल्याच दवाखान्यात रक्त घेऊन ते बर्फात पुढे पोचायला हवं. मणक्यातलं पाणी काढू द्यायला आईबाप कचरतात, शवविच्छेदनाचं तर नावच नको. त्यांना दोष कोण देणार? पण त्यामुळे मेंदूत नेमकं काय बिघडतं हे धूसर राहतं. आंध्रातल्या साथीनंतर काही डॉक्टरांनी तर हा मेंदूज्वर नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा झटका असावा, असंही मांडलं होतं. उपचार काय करायचे ते यावर ठरतं, म्हणून हा वाद नुसता कागदावरचा नाही.

आता माश्या मारण्याबद्दल. ते तर शब्दशः करायला हवं! चांदीपुराचा मुख्य संशयित वाहक डास नाही, वालुमाशी आहे. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, पंख वर उभे धरलेली, उडण्याऐवजी टुणटुण उड्या मारणारी. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते. अंडी पाण्यात घालत नाही, तर मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातली शेणामातीची ओल, अशा जागी घालते. तेव्हा गटारात औषध टाकून आणि रस्त्यावरून धुराचं मशीन फिरवून फोटो चांगले येतात, एवढंच. भेगा लिंपणं, भिंतींवर आणि गोठ्यात फवारणी, हे उपयोगाचं. शिवाय ही माशी विषाणू अंड्यांतून पुढच्या पिढीला देऊ शकते, हे प्रयोगशाळेत दिसलंय. मग दोन साथींच्या मधल्या काळात विषाणू माश्यांतच टिकतो, की गुराढोरांत, की आणखी कुठे? हे शोधायला माश्या साथीच्या आठवड्यात नाही, वर्षभर पकडाव्या लागतात. एरवी कोरड्या महिन्यांत त्या गोठ्यात टॉर्च आणि नळी घेऊन बसलेल्या माणसाला बघून गाव हसणारच.

राहिला गरिबांच्या मुलांचा मुद्दा. तो खरा आहे. मातीच्या भिंती कुणाच्या घराला असतात आणि मेडिकल कुणाच्या घरापासून शंभर किलोमीटरवर असतं, हे सांगायला विषाणूतज्ज्ञ लागत नाही. फक्त त्यावरून निघणारी मागणी चुकीची आहे. लसीच्या आधी त्या मुलाचं रक्त पहिल्या सहा तासांत कोण घेणार आणि ते न्यायला गाडी कुठून येणार, हे आमदाराला विचारा.