आवाज येतोय का माझा?

घोडबंदर रोडला राहतो, घरी 100 एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी रोज सकाळच्या कॉलला माझं पहिलं वाक्य काय? 'हॅलो, आवाज येतोय का माझा?' स्पीड टेस्ट लावली की आकडा झकास, आणि कॉलवर माझं तोंड अर्धं उघडं राहून फ्रीझ, तेही बरोबर बॉस काहीतरी विचारतो तेव्हाच! कस्टमर केअरचं एकच पालुपद, 'सर, राउटर बंद करून चालू करा.' अहो बटण झिजलं! आणि ते 100 डाउनलोडचे, अपलोडचं काय? माझा चेहरा डाउनलोडमधून जातो का?

बरं राउटर कुठे, तर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, कारण आईला वायरी दिसलेल्या चालत नाहीत. वायफाय 5 गिगाहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीवर लावलं तर दोन भिंती ओलांडून बेडरूमपर्यंत पोचता पोचता त्याचा जीव जातो, 2.4 लावलं तर अख्ख्या टॉवरचे वायफाय त्याच दोन-तीन चॅनलवर कोंबलेले, साडेआठच्या ठाणे लोकलसारखे, त्यात आईने त्याच 2.4 च्या आसपास चालणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये पोहे ठेवले की मी गेलोच. लॅपटॉपचं तर विचारूच नका, कॅमेरा चालू केला की पंखा असा घोंघावतो की काल एकाने विचारलं, 'पिठाच्या गिरणीत बसलायस का रे?'

हे वाक्य मात्र एकदम क्लिअर ऐकू आलं हां. सगळ्यांना.