घरमालकांनो, स्पर्धेपासून जपा!

परवा आमच्या घरमालकांचा फोन आला. मी तेव्हा बाथरूमच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली सरकवत होतो, त्यामुळे वाटलं, प्लंबर पाठवतायत. कसलं काय! "पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवतोय. बाजारभावच तसा आहे हो. परवडत नसेल तर दुसरीकडे बघा."

तुमच्याकडेही भाड्याने द्यायला एखादं घर असेल, तर या थोर गुरूंकडून शिकलेलं थोडं तुम्हालाही सांगतो.

भाव तुम्ही ठरवा, नाव बाजाराचं सांगा.

भिंतीला ओल आली की भाडेकरूला तिथे कपाट ठेवायला सांगा.

आणि मुख्य म्हणजे, त्याला बघायला 'दुसरीकडे' काही शिल्लक ठेवू नका. व्हिएन्नाची चूक करू नका. तिथे जवळपास निम्मे लोक पालिकेच्या किंवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत राहतात. अशा गावात गळकं घर कोण घेणार? स्वीडनमध्ये तर पालिकेच्या घरं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचं भाडं हेच खासगी भाड्याचं माप होतं, ते २०११ मध्ये एकदाचं गेलं. पण शिकावं ते नेदरलँड्सकडून. तिथल्या खासगी गुंतवणूकदारांनी युरोपीय आयोगाकडे रडगाणं गायलं की स्वस्त भाड्याने घरं देणाऱ्या गृहसंस्थांना सरकारी मदत मिळते, ही स्पर्धा न्याय्य नाही. २००९ मध्ये निकाल लागला: संस्थांनी मदतीतली ९० टक्के घरं वर्षाला ३३,००० युरोंच्या आत कमावणाऱ्यांनाच द्यायची. त्याहून थोडं जास्त कमावणारा आला की नाही मुकाट्याने तुमच्या दारात? तेवढी खटपट नको असेल तर ब्रिटनसारखं करा. १९८०च्या कायद्याने कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकांची, घरं भाडेकरूंनाच सवलतीत विकून टाकली, आणि त्यातली कित्येक आज खासगी मालक भाड्याने देतायत. त्याच भिंती, तोच जिना, भाडं मात्र बाजाराचं! जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराने तर २००६ मध्ये पालिकेची सगळीच्या सगळी, पन्नासेक हजार घरं एका फटक्यात विकली. आणि एवढं सगळं करून वर आम्हालाच ऐकवायचं, बाजार आहे हो, बाजार! कसला डोंबलाचा बाजार? समोर दुसरं दुकान निघालं की तक्रार घेऊन धावणाऱ्याने बाजाराचं नाव तरी कशाला घ्यावं?

पावती मागितली तर हसा.

जाऊ दे, हे उपरोधाचं नाटक मला आता जमत नाही. सामाजिक घरं, म्हणजे ही पालिकेची नि संस्थांची घरं, फक्त गरिबांपुरती कोंडायची, दुरुस्तीला पैसा द्यायचा नाही, मग 'बघा त्या वसाहतींची दशा' म्हणून नाकं मुरडायची, आणि मधल्या उत्पन्नाच्या सगळ्यांना तुमच्या तोंडी द्यायचं. लाज वाटत नाही? बरोबरीने उभा राहणारा, नफ्यासाठी न झगडणारा एक घरमालक शेजारी असता, तर तुम्ही मला असा फोन केला असता का? उलट मी केलेला पहिल्याच रिंगला उचलला असता.

वाढीव भाड्याचं नंतर बघू. बादली दिवसातून तीनदा ओततोय. आधी प्लंबर पाठवा.