नानावटी खटला : ज्यूरीला सांगायचं काय राहिलं?

नमस्कार. नानावटी खटल्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही जरा लांबण लावतो. (नौदल अधिकारी नानावटींवर पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घालून मारल्याचा हा खटला.) तुमचा आक्षेप असा, की ज्यूरीला, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, न्यायाधीशांनी कायदा समजावून सांगणं हा नुसता उपचार असतो. १९५९ साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात नऊपैकी आठ जणांनी नानावटींना निर्दोष ठरवलं ते वर्तमानपत्रांच्या नादाने.

वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं, हे खरंच. पण उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवताना दोष कुठे दाखवला, तेही पाहा. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. अपघाताचा हा बचाव तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ८० मधला, आणि त्याला अटी होत्या : मूळ कृत्य कायदेशीर हवं, रीत कायदेशीर हवी, पुरेशी काळजीही घेतलेली हवी. शिवाय तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ नुसार असा अपवाद दाखवून देण्याचा भार आरोपीवर असे. गुन्हा निःसंशय सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम, हे सेशन्स कोर्टाचे न्यायाधीश मेहतांनी ज्यूरीला सांगितलं. कलम ८० च्या अटी आणि १०५ चा परिणाम मात्र नीट सांगितला गेला नाही.

आता त्या नऊ जणांच्या जागी बसून पाहा. बंद खोलीत काय घडलं ते कुणी पाहिलेलं नाही. अपघात कुणी दाखवून द्यायचा, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मग थोडी शंका आली की संशयाचा फायदा देऊन मोकळे व्हाल! मीही तेच केलं असतं. म्हणून सगळा दोष त्यांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

खुद्द मेहतांनाही तो निर्णय पटला नव्हता. त्यांनीच तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्या न्यायाधीशाला ज्यूरी चुकली असं वाटलं, त्याच्याच मार्गदर्शनात उणिवा निघाल्या. मार्गदर्शन नुसता उपचार असतं, तर वरच्या कोर्टांनी ते इतकं बारकाईने तपासलं कशाला असतं?

तुमचा दुसरा मुद्दा मात्र बरोबर आहे. या खटल्याबरोबर ज्यूरी संपली, असं मी लिहिलं होतं, ते चूक. काही ठिकाणी ती पुढेही चालू होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.