तीनशे हॉर्सपॉवर आणि एक होज क्लिप

मॉडिफाय केलेल्या गाड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती काढले?" म्हणजे किती हॉर्सपॉवर. डायनोच्या, म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या मशीनच्या, कागदाचा फोटो मोबाइलमध्ये तयारच असतो आणि लग्नाच्या अल्बमसारखा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला जातो. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. माझं भांडण इथेच आहे.

परवा कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरलो. दोन गाड्या होत्या. माझी कंपनीतून आली तशी, साधी. दुसरी मित्राची: दोन लिटर टर्बो पेट्रोल, स्टेज टू केलेली. (त्याचं नाव लिहीत नाही, तो ही पोस्ट वाचणार आहे.) ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा. स्टेज वन म्हणजे फक्त ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलायचं. स्टेज टूमध्ये त्याच्या जोडीला मोठा डाऊनपाईप (टर्बोनंतरचा एग्झॉस्टचा पाईप) आणि बहुतेक वेळा मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारा). २३०ची गाडी तीनशेच्या घरात जाते. इंजिन ते सोसतं, त्याबद्दल वाद नाही. इंजिनाच्या आजूबाजूला जे काही लावलेलं असतं ते सोसतं का, हा प्रश्न आहे.

पाटणच्या अलीकडे उसाच्या डबल ट्रॉलीला ओव्हरटेक करायला त्याने पाय दाबला आणि गाडीचा जीवच गेला. त्याला आत 'फट्ट' असा आवाज आला, मग नुसती हवा सुटल्याची फुसफुस. मीटरवर पिवळे दिवे, गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे बिघाड दिसला की पॉवर आपोआप तोडून जेमतेम चालणारी. अर्धी ट्रॉली पार झालेली, समोरून एसटी येतेय. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारून त्याला आत घेतलं, म्हणून निभावलं. त्या ट्रॅक्टरवाल्याचे आभार मानायला आम्ही थांबलो, तर त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच केलं त्याने.

रांगत रांगत पाटणमधलं एक गॅरेज गाठलं. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, जे येईल ते करणारं. मेकॅनिक वयाने पन्नाशीचा. त्याने खालचं प्लास्टिक सोडवलं, बॅटरी मारली आणि इंटरकूलरच्या पाईपवरून निसटलेला निळा सिलिकॉन होज ओढून बाहेर काढला. मग होजच्या आत बोट फिरवून ते आम्हाला दाखवलं. बोटावर तेलाचा पातळ, चकचकीत थर होता. इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर नळीतून तेलाची वाफ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, येते, हे प्रत्येक टर्बो गाडीत थोडंफार होतंच. पण अ‍ॅल्युमिनियमच्या त्या पाईपचं टोक अगदी गुळगुळीत होतं. होज अडून राहावा म्हणून टोकाला जो उंचवटा काढतात, बीडिंग, ते नव्हतंच. वर साधी स्क्रूची पातळ क्लिप. "पाव्हणं, ह्ये थांबनार कशाच्या जिवावर?" असं तो म्हणाला आणि आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

हिशोब सोपा आहे. बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, दीड बार आणि पाईपचा आतला व्यास ६० मिमी धरला, तर होज पाईपवरून ढकलून काढणारा जोर साधारण ४३ किलो भरतो. तेलाने ओशट झालेल्या गुळगुळीत पाईपवर, पातळ क्लिपच्या भरवशावर. मेकॅनिकने पाईप आणि होज पेट्रोलने पुसले, पाईपचं टोक पॉलिश पेपरने खरबरीत केलं आणि ट्रकच्या इंटरकूलर होजला असते ती रुंद टी-बोल्टची पट्टी कपाटातून काढून आवळली. मजा म्हणजे कराड-चिपळूण रस्त्यावर भरलेले टर्बो ट्रक रोज हाच बूस्ट घेऊन घाट चढतात. त्यांचा होज सुटला तर दिवसाचा धंदा बुडतो. त्यामुळे होज कसा थांबतो हे पाटणच्या माणसाला पाठ आहे. ज्या चकाचक वर्कशॉपने लाखभर रुपये घेऊन हा पाईप बसवला, त्यांना ते ठाऊक नव्हतं किंवा त्यांनी लक्ष दिलं नाही. दोन्हींतलं अधिक वाईट काय, तुम्हीच ठरवा.

इथवर गोष्ट गमतीची होती. पुढची नाही.

होज बसला, मित्राच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. घाट उतरताना तो पुढे, मी बराच मागे. निम्म्या घाटात त्याचे ब्रेक लाइट सारखे लागायला लागले आणि माझ्या काचेतून जळका वास आत आला. घाटाखालच्या पोफळी गावाच्या वर त्याने गाडी कडेला घेतली. उतरून म्हणाला, "पेडल खाली जातंय रे."

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि त्यातला फरक घाटात जाणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवा. पॅड तापले तर पेडल कडकच राहतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल स्पंजसारखं होऊन खाली जातं, कारण नळीत वाफ झालेली असते आणि वाफ दाबली जाते. दुसरा प्रकार जास्त भयंकर. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हाच आकडा १५५पर्यंत खाली येऊ शकतो. कोकणात पावसाळे काढलेल्या गाडीत ते किती शिरलं असेल, विचार करा.

आणि वाढवलेल्या पॉवरचा ब्रेकशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांसाठी: दोन वळणांच्या मध्ये तुम्ही ताशी ६०ऐवजी ८० गाठलेत, तर पुढच्या वळणाआधी ३०वर यायला ब्रेकना दुपटीहून थोडी जास्त ऊर्जा जिरवावी लागते. डिस्क तीच, पॅड तेच, ऑइल तेच. शिवाय उतार वेगळाच. माणसांसकट १,७०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली की तेवढ्यानेच जी उष्णता तयार होते, तिच्यात पंचवीसेक लिटर गार पाणी उकळेल. ही उष्णता इंजिन ब्रेकिंगने घालवायची असते. ऑटोमॅटिक 'डी'मध्ये सोडून, वरच्या गिअरमध्ये घरंगळत येऊन नाही. गाडी मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवायची, एवढं साधं आहे.

आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. डिस्कवर पाणी ओतायला निघालेल्या एकाला आवरलं, कारण तापलेली डिस्क वाकडी व्हायची किंवा तडकायची. पेडल पुरतं परत आलं, तेव्हा माझ्या गाडीमागून दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू उतरलो. चिपळूणला ऑइल बदललं. जुनं काढलं ते काळ्या चहाच्या रंगाचं होतं. सगळ्या कामाचा खर्च त्याच्या एग्झॉस्टच्या टिपांपेक्षा कमी.

कायद्याचं कुणी बोलत नाही म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलंय. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलेले बदल क्लेमच्या वेळी बाहेर येतात, ते वेगळंच. ज्यांना खरंच गाडी पिळायची आहे त्यांच्यासाठी कोइंबतूरला कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. तिथे समोरून एसटी येत नाही. लांब पडतं, मान्य. पण घाट हा ट्रॅक नव्हे, आणि हे मी गाड्यांवर प्रेम असलेला माणूस म्हणून लिहितोय, तेव्हा कमेंटमध्ये 'तुला काय कळतंय' सुरू करू नका.

मित्र आता मोठ्या टर्बोचे भाव विचारतोय. त्याला सांगितलंय की आधी ब्रेक पॅड, चांगलं ऑइल, टायर आणि तो पाईप, मग बघू. पुण्यात अ‍ॅल्युमिनियम पाईपला नीट बीडिंग करून देणारा कुणी माहितीतला असेल तर कळवा. पत्ता इनबॉक्समध्ये पाठवा. पैसे मित्र देणार आहे, त्यामुळे भावाची चिंता नको.